राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांची जोडी

मुंबई-आग्रा रस्त्यानें नाशिक मागें टाकून पुढें निघालें म्हणजे पिंपळगांव बसवंत हें मोठें बाजाराचें गांव लागतें. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षें यांनीं भरलेल्या गाड्या, लिलावाचा पुकारा आणि भावाची चर्चा यांवांचून या गांवाचा दिवस उजाडत नाहीं आणि मावळतहि नाहीं. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली; ती बंदी ४ मे २०२४ रोजीं उठली. अशा वेळीं बाजाराच्या ओट्यावर दोन प्रश्न हटकून निघतात. असा हुकूम काढण्याचा अधिकार सरकारला कोणत्या कायद्यानें मिळतो आणि तो फिरवावयाचा तर दाद कोणाकडे मागावयाची, हा पहिला. शहरांतील गिऱ्हाइकास कांदा स्वस्त मिळावा म्हणून तो पिकविणाऱ्याच्या पदरचें काढून घेणें न्याय्य आहे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर राज्यशास्त्र देऊं शकतें. दुसऱ्याचें उत्तर देण्यास न्याय म्हणजे काय येथपासूनच आरंभ करावा लागतो, आणि तें काम तत्त्वज्ञानाचें आहे. शेतकरी हे दोन्ही प्रश्न एका दमांत विचारतो. विद्यापीठें मात्र ते दोन निराळ्या खोल्यांत, दोन निराळ्या अध्यापकांकडून, आणि बहुधा दोन निराळ्या विद्यार्थ्यांना शिकवितात.

ही वाटणी फार जुनी नाहीं. महाराष्ट्रांत इंग्रजी पद्धतीचें उच्च शिक्षण सुरू झालें तेव्हां हे दोन्ही विचार एकाच विद्यार्थ्याच्या हातीं पडत असत. आणि त्यांच्या संयोगानें काय घडतें याचा पहिला ठळक दाखला ज्या विद्यार्थ्यानें दिला तो याच निफाड तालुक्यांत जन्मलेला होता. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं निफाड येथें झाला. वडिलांना कोल्हापुरास नोकरी लागल्यामुळें बाळपण तिकडे गेलें, आणि पुढील शिक्षणासाठीं ते मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंत दाखल झाले. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजीं स्थापन झालें. १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली, तींत रानडे उत्तीर्ण झाले. आणि १८६२ सालीं जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे यांच्या बरोबरीनें रानड्यांचें नांव होतें. पुढें १८६४ सालीं एम्. ए. व १८६६ सालीं एल्एल्. बी. या पदव्या त्यांनीं मिळविल्या.

'राज्यशास्त्र' या नांवाचा स्वतंत्र विषय त्या काळीं नव्हता. राज्यव्यवस्थेचा विचार इतिहास व अर्थशास्त्र यांच्या पोटांत येई, आणि तर्कशास्त्र व नीतिशास्त्र हीं त्याच्या शेजारींच बसलेलीं असत. विषयांच्या भिंती अजून उभ्या राहावयाच्या होत्या. आजच्या विद्यार्थ्यास हा अभ्यासक्रम अजागळ वाटेल, आणि परीक्षेच्या सोयीच्या दृष्टीनें तो तसा होताहि. परंतु त्या अजागळपणांत एक मोठा गुण होता : सकाळीं ज्या विद्यार्थ्यानें कर्तव्याचें मूळ कशांत आहे हें वाचलें, त्यानेंच दुपारीं कर कोण बसवितो व कां बसवितो हें वाचावें, असा तो क्रम होता.

या क्रमाला शोभेसा गुरुहि एल्फिन्स्टनला लाभला. सर अलेक्झांडर ग्रँट हे ऑक्सफर्डचे पंडित १८६० सालीं तेथें इतिहास व अर्थशास्त्र यांचे प्राध्यापक म्हणून आले आणि लौकरच प्राचार्य झाले. मुंबईंत ते इतिहास शिकवीत असले तरी त्यांची खरी कीर्ति ग्रीक तत्त्वज्ञानांतील होती. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाची त्यांनीं तयार केलेली टीपायुक्त आवृत्ति १८५७ सालीं, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या जन्मवर्षींच, निघूं लागली होती. ॲरिस्टॉटलच्या त्या ग्रंथाची रचना येथें ध्यानांत घेण्यासारखी आहे. मनुष्याचें परम कल्याण कशांत आहे हा प्रश्न तो आरंभीं घालतो, आणि त्या कल्याणाचा विचार करणारें श्रेष्ठ शास्त्र म्हणजे राज्यनीति होय असें सांगतो. शेवटीं, सद्गुणांची चर्चा संपल्यावर, केवळ उपदेशानें माणसें चांगलीं होत नाहींत, त्यांना चांगल्या कायद्यांची जोड लागते, असें म्हणून तो वाचकास राज्यघटनांच्या अभ्यासाकडे वळवितो. म्हणजे ज्या ग्रंथावर ग्रँट यांची कीर्ति उभी होती त्यांत नीति आणि राज्यनीति हीं एकाच घराचीं दोन दालनें होतीं.

पुढें जें घडलें तें सुप्रसिद्ध आहे. रानड्यांनीं एका निबंधांत मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशीं तुलना केली आणि पारडें मराठी राज्याकडे झुकविलें. ग्रँट यांना तें रुचलें नाहीं. जें सरकार आपणांस शिक्षण देत आहे त्याची निंदा करूं नये, अशी समज त्यांनीं विद्यार्थ्यास दिली, आणि रानड्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद झाली.

ग्रँट हे कोत्या मनाचे गृहस्थ नव्हते, आणि तरुण रानड्यांचा निबंध एकांगी असणेंहि अगदीं शक्य आहे. एकांगी निबंधाचे गुण कापण्याचा गुरूला अधिकार असतो. परंतु येथें गुण कापले गेले नाहींत, विद्यार्थ्याच्या खर्चाची रक्कम थांबविली गेली; आणि युक्तिवादाला रकमेनें उत्तर देणें ही तर्कशास्त्रांतील रीति नव्हे, राज्यकारभारांतील आहे. उत्तम राज्य कोणतें, आणि तें कोणाच्या कल्याणासाठीं चालतें, हा प्रश्न ग्रीक पुस्तकांत असेपर्यंत गुरूला प्रिय होता. शिष्यानें तोच पुस्तकांतून काढून समोरच्या राज्याला लावला. दोन विषय एकत्र शिकविले म्हणजे विद्यार्थी ते एकत्र वापरूंहि लागतो, आणि कोठें वापरील हें गुरूच्या हातीं राहात नाहीं. पुढें १८६८ सालीं ग्रँट हे एडिंबरो विद्यापीठाचे प्रमुख होऊन स्वदेशीं गेले.

रानडे मात्र जन्मभर सरकारी नोकरींत राहिले, आणि जन्मभर त्यांनीं ती जोडी सोडली नाहीं. १८७१ सालीं न्यायाधीश म्हणून ते पुण्यास आले. सार्वजनिक सभा आदल्याच वर्षीं निघाली होती. तिच्या अर्जांमागची व चौकशांमागची बुद्धि बहुतांशीं त्यांची होती. सरकारला हें वजन खुपूं लागलें. १८७८ सालीं त्यांची बदली नाशिकला झाली. ज्या जिल्ह्यांत जन्म झाला तेथेंच ते असे नजरेंतले अधिकारी होऊन परतले. पुढच्या वर्षीं वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमींत त्यांना धुळ्यास पाठविण्यांत आलें, आणि तेथें त्यांच्या टपालावरहि पाळत होती. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्या दिवसांचें वर्णन ज्यांनीं वाचलें असेल त्यांना शांत स्वभावाच्या माणसाचीहि केवढी धास्ती राज्यकर्त्यांना वाटूं शकते हें सांगावयास नको.

या अभ्यासाचें पक्व फळ पाहावयाचें तर १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर त्यांनीं दिलेलें व्याख्यान पाहावें. इंग्रज अर्थशास्त्रज्ञांचे सिद्धांत निसर्गनियमांसारखे सर्व देशीं व सर्व काळीं लागू आहेत, अशी त्या वेळीं सुशिक्षितांची समजूत होती. रानड्यांनीं त्या सिद्धांतांच्या खालीं दडलेलीं गृहीतकृत्यें उघडीं केलीं. प्रत्येक मनुष्य केवळ स्वतःचा स्वार्थ पाहतो, तो कोणाशींहि मोकळेपणानें करार करूं शकतो, भांडवल व मजूर हवे तेथें जाऊं शकतात, हीं तीं गृहीतकृत्यें. हिंदुस्थानांत कुटुंब, जाति आणि रूढि यांनीं माणसाचा धंदा व मोबदला ठरविलेला असतो. तेथें हे सिद्धांत जसेच्या तसे लावणें म्हणजे मोजण्याआधींच माप चुकविणें होय. म्हणून देशांतील उद्योग वाढविण्यास सरकारनें हातभार लावला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. निष्कर्ष राज्यनीतीचा, पण तेथवर नेणारी वाट तत्त्वज्ञानाची. सिद्धांत मान्य करण्यापूर्वीं त्याचीं गृहीतकृत्यें तपासावीं ही संवय नुसत्या कायदेपंडिताला लागत नाहीं. कांद्याच्या निर्यातबंदीवर आज दोन्ही बाजूंनीं जीं भाषणें होतात त्यांत बाजार म्हणजे काय आणि लोकहित म्हणजे कोणाचें हित, हें कोणीच आधीं सांगत नाहीं. निफाडच्या या सुपुत्रानें तेवढें तरी आधीं विचारलें असतें.

शिष्यवृत्ति गमावून दिलेल्या त्या जुन्या विषयाकडेहि ते परत वळले. मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० सालीं प्रसिद्ध झाला. आतां लेखक विद्यार्थी नव्हता, मुंबई हायकोर्टाचा न्यायमूर्ति होता. मराठी राज्य हें एका शूर पुरुषाचें आकस्मिक कर्तृत्व नव्हे. संतांनीं जातिभेदाची धार बोथट करून सामान्य माणसाला स्वतःच्या योग्यतेची जाणीव दिली, त्या भूमींत तें उगवलें, असें त्यांनीं मांडलें. धर्मविचारांतून राज्य कसें उद्भवतें, ही मांडणी पुढील इतिहासकारांनीं खोडून काढण्याचे पुष्कळ प्रयत्न केले. कांहीं आक्षेप वजनदारहि आहेत. परंतु प्रश्न रानड्यांनीं घातला तोच राहिला. ग्रंथ निघाल्यावर थोड्याच महिन्यांत, १६ जानेवारी १९०१ रोजीं, त्यांचें देहावसान झालें.

रानड्यांच्या चरित्रांत एक जागा मात्र त्यांच्या चाहत्यांनाहि बोचते. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असतांहि प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८७३ सालीं वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून त्यांनीं अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं विवाह केला. विचार आणि आचार यांतील हें अंतर पुढच्या पिढींतील एका विद्यार्थ्याला सहन होण्याजोगें नव्हतें.

तो विद्यार्थी म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवीं १८५६ सालीं जन्मलेला, अन्नवस्त्राची भ्रांत असलेला हा मुलगा डेक्कन कॉलेजांतून १८७८ सालीं बी. ए. झाला आणि इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन १८८० सालीं एम्. ए. झाला. त्याच कॉलेजांत त्याची बाळ गंगाधर टिळकांशीं मैत्री जडली. टिळकांचा ओढा गणिताकडे व कायद्याकडे. आगरकरांचा मिल्ल व स्पेन्सर यांच्याकडे. दोघांनीं मिळून शाळा चालविली, 'केसरी' चालविला, आणि १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र काढले. पुढें वाटा फुटल्या. त्या कां फुटल्या याचीं कारणें स्वभावांत, पैशाच्या व्यवहारांत व संस्थेच्या भांडणांत शोधलीं जातात, आणि तींहि खरीं आहेत. पण मुळाशीं एक तात्त्विक मतभेद होता. परकी सत्ता प्रथम जावी, घरांतील सुधारणा मागाहून होतील, असें एकाचें म्हणणें. जो समाज विधवेच्या केशवपनांत, बालिकेच्या विवाहांत आणि शास्त्राधाराच्या धाकांत व्यक्तीचें स्वातंत्र्य चिरडतो, त्याला स्वातंत्र्य या शब्दाचा अर्थ तरी कळला आहे काय, असा दुसऱ्याचा सवाल. आगरकरांच्या लेखीं राजाची सत्ता आणि रूढीची सत्ता या एकाच कसोटीला लावावयाच्या गोष्टी होत्या, आणि ती कसोटी त्यांनीं तत्त्वज्ञानाच्या वर्गांतून आणली होती. १८८७ सालीं त्यांनीं 'केसरी' सोडला, १८८८ सालीं 'सुधारक' काढला. जिवंतपणींच स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर पुण्यानें आणला. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतांनाच १७ जून १८९५ रोजीं, एकूणचाळिसावें वर्षहि पुरें होण्यापूर्वीं, ते गेले.

येथें विलायतेकडे क्षणभर पाहणें उद्बोधक होईल. ऑक्सफर्डनें १९२० सालीं तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र या तीन विषयांची मिळून एक पदवी सुरू केली. हॅरल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरॉन, ऋषि सुनक असे ब्रिटनचे कित्येक पंतप्रधान या एकाच अभ्यासक्रमांतून बाहेर पडले. आणि त्यामुळेंच तो राज्यकर्ते घडविण्याचा कारखाना झाला आहे अशी टीकाहि तिकडे होते. महाराष्ट्रांत या जोडीनें राज्यकर्ते फारसे घडविले नाहींत. राज्याला, आणि राज्याहून जुन्या अशा समाजसत्तेला, जाब विचारणारे मात्र घडविले. दोन देशांतील हा भेद विषयांचा नव्हे, विद्यार्थी कोठून आला याचा आहे.

याचें सर्वांत मोठें उदाहरण डॉ. भीमराव आंबेडकर यांचें. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ति घेऊन १९१३ सालीं, बाविसाव्या वर्षीं, ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. तेथें त्यांनीं घेतलेल्या वर्गांची मोजदाद उपलब्ध आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकीं एक. अर्थशास्त्राच्या या ढिगांत तत्त्वज्ञानाचे पांच वर्ग लहान दिसतात. पण ते घेणारांत जॉन ड्यूई होते. लोकशाही म्हणजे केवळ मतदानाची व राज्यकारभाराची पद्धति नव्हे, ती प्रथमतः माणसांनीं एकमेकांशीं वागण्याची, अनुभव वांटून घेण्याची रीति आहे, हा ड्यूई यांच्या शिकवणुकीचा गाभा होता. अमेरिकन विद्यार्थ्याला हा एक सुंदर विचार वाटला असेल. ज्याला शाळेंत पाण्याच्या भांड्यास हात लावूं दिला नव्हता त्याला त्यांत आपल्या देशाचें निदान सांपडलें. १९१६ सालच्या मे महिन्यांत कोलंबियांतीलच एका चर्चावर्गापुढें त्यांनीं हिंदुस्थानांतील जातींची उत्पत्ति व घडण यांवरील आपला निबंध वाचला.

नाशिक जिल्ह्यानें त्या वर्गांचा परिणाम प्रत्यक्ष पाहिला आहे. २ मार्च १९३० रोजीं पंचवटींतील काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दांडीची यात्रा निघण्यास अजून दहा दिवस होते. एकीकडे परक्या सरकारनें मीठ मोकळें करावें म्हणून देश उठत होता, आणि त्याच महिन्यांत स्वकीयांनीं देवाचें दार मोकळें करावें म्हणून हजारों माणसें गोदाकांठीं उभीं होतीं. दारें बंदच राहिलीं. दादासाहेब गायकवाड आदि कार्यकर्त्यांनीं तो लढा वर्षानुवर्षें रेटला. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं, निफाडच्या शेजारच्याच तालुक्यांतील येवलें गांवीं, आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली. पुढल्या वर्षीं लाहोरच्या परिषदेसाठीं लिहिलेलें, पण तेथें होऊं न शकलेलें, जातिसंस्थेच्या उच्छेदावरील भाषण त्यांनीं स्वतःच छापलें. त्यांत ड्यूई हे आपले गुरु असून त्यांचे आपणांवर फार ऋण आहे असा उल्लेख ते करतात. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत बोलतांना, राजकीय लोकशाहीच्या खालीं सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर ती टिकणार नाहीं, स्वातंत्र्य, समता व बंधुता यांना एकमेकांपासून तोडतां येणार नाहीं, हा इशारा त्यांनीं दिला. ५ जून १९५२ रोजीं कोलंबिया विद्यापीठानें त्यांना सन्मान्य पदवी दिली. ड्यूई १ जूनला निवर्तले होते.

याच काळांत इकडे विषयांच्या भिंती पक्क्या होत होत्या. मुंबई विद्यापीठांत राज्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९४८ सालीं निघाला. नाशिक जिल्हा ज्याच्या कक्षेंत आला तें पुणें विद्यापीठ १९४९ सालीं स्थापन झालें. स्वतंत्र विभागांमुळें राज्यशास्त्राचें ज्ञान वाढलें, यांत शंका नाहीं. निवडणुका, पक्ष, पंचायती राज्य यांचा असा बारीक अभ्यास रानड्यांच्या वेळीं झालाच नसता. परंतु खेड्यापाड्यांतून महाविद्यालयें निघालीं तेव्हां राज्यशास्त्राला स्पर्धापरीक्षांच्या जोरावर विद्यार्थी मिळाले आणि तत्त्वज्ञानाला मिळाले नाहींत. अनेक ठिकाणीं तो विषय सुरूच झाला नाहीं, कांहीं ठिकाणीं अध्यापक निवृत्त झाल्यावर बंद पडला. १९१४ सालीं स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजानें पिंपळगांवीं महाविद्यालय चालविल्यामुळें शेतकऱ्यांच्या मुलामुलींना पदवीसाठीं गांव सोडावें लागत नाहीं, ही गोष्ट लहान नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें आतां एक मुख्य विषय व त्याच्या जोडीला निराळ्या शाखेंतील गौण विषय घेण्याची मोकळीक दिली आहे. उद्यां कांद्याच्या बाजारांतून उठून आलेल्या एखाद्या मुलीनें राज्यशास्त्र मुख्य आणि तत्त्वज्ञान गौण असा अर्ज भरला, तर तो नियमांत बसतो. तिच्या वर्गावर कोणाला पाठवावयाचें, हें मात्र ज्या त्या महाविद्यालयाच्या चालकांना अजून ठरवावयाचें आहे.